येवला तालुका म्हणजे येवला मतदारसंघ नव्हे: लोकसंख्या आणि अर्थकारणाचा आढावा कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी येवला विधानसभा मतदारसंघाचा आढावा लिहायचा आहे. किती माणसे, कोणत्या समाजघटकांची, शिक्षण किती, लोक कशावर जगतात. जनगणनेत येवला तालुक्याचे आकडे सहज मिळतात. तेच मतदारसंघाचे म्हणून वापरले तर चालतील का?

नाही चालणार, आणि फरक किरकोळ नाही. 2011च्या जनगणनेत येवला तालुक्याची लोकसंख्या 2,71,146 होती. नाशिक जिल्ह्याची 61,07,187. जिल्ह्यात विधानसभेच्या 15 जागा, म्हणजे एका जागेमागे सरासरी चार लाख सात हजार माणसे. एकटा येवला तालुका या सरासरीपेक्षा सव्वा लाखाहून अधिकने कमी पडतो. म्हणूनच निफाड तालुक्यातली लासलगावच्या बाजूची गावे या मतदारसंघात घातलेली आहेत, आणि लोकांच्या तोंडी ‘येवला-लासलगाव मतदारसंघ’ हे नाव रुळले आहे. तालुक्याचे आकडे मतदारसंघाचे म्हणून छापलेत, तर देशात कांद्यासाठी ओळखली जाणारी बाजारपेठच तुमच्या आढाव्यातून गळून जाईल.

मी बरीच वर्षे जिल्ह्यातल्या गावपातळीवरच्या आकड्यांचे काम करत आले आहे. विधानसभा मतदारसंघ हे निवडणुकीचे एकक आहे, मोजणीचे नाही. जनगणना, कृषी गणना, बाजार समित्या, शिधापत्रिका, सगळे गाव, तालुका आणि जिल्हा या उतरंडीने चालते. त्यामुळे मतदारसंघाचा आढावा कुठून उचलता येत नाही, गावागावांतून जोडत न्यावा लागतो.

जोडण्याआधी सीमा कशा ठरल्या ते बघा. सध्याचे मतदारसंघ 2008च्या परिसीमन आदेशाने, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या आदेशाने, आले. त्यासाठी 2001ची जनगणना धरली, पण राज्याच्या एकूण जागा 1971च्या लोकसंख्येवर गोठवलेल्याच राहिल्या. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या 49,93,796 होती, म्हणजे जागेमागे सुमारे 3 लाख 33 हजार. परिसीमन आयोगाला या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली जाण्याची मुभा होती आणि शक्य तिथे प्रशासकीय सीमा सांभाळायच्या होत्या. काही ठिकाणी हे सरळ जमले. कळवण मतदारसंघात कळवण आणि सुरगाणा हे दोन तालुके येतात, 2011ची बेरीज 3,84,178. चांदवड आणि देवळा मिळून 3,80,371. जिथे तालुक्यांची अशी जोडी जमली नाही तिथे तालुके फोडून त्यांची महसूल मंडळे (काही गावे मिळून होणारे तालुक्याचे भाग) दुसरीकडे जोडावी लागली. इगतपुरी तालुक्यातला टाकेदचा भाग सिन्नरला गेला, मालेगाव तालुक्यातली काही गावे नांदगावला गेली आणि लासलगाव येवल्याकडे आले. साडेसतरा लाखांच्या नाशिक तालुक्यातून शहराचे तीन मतदारसंघ निघाले, आणि ग्रामीण पट्टा, भगूर, देवळाली छावणी व महापालिकेचा काही भाग मिळून राखीव देवळाली झाला.

तेव्हा पहिले काम गावांच्या यादीचे. परिसीमन आदेशात मंडळांची नावे आहेत, पण त्यानंतर महसूल मंडळांची आणि सझांची (तलाठ्यांच्या कार्यक्षेत्रांची) फेररचना झाली आहे. आजच्या मंडळांच्या नकाशावरून यादी काढली तर काही गावे चुकीच्या बाजूला जातील. यावर खात्रीचा उपाय मतदार यादीतच आहे. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर गाव, तालुका, टपाल कार्यालय, पोलीस ठाणे छापलेले असते. येवल्याच्या सर्व यादी भागांची पहिली पाने उघडा, गावांची नावे उतरवा आणि ती आदेशातल्या मंडळांशी ताडून पाहा. काम कंटाळवाणे आहे आणि दोन-तीन दिवस खाईल. पण पुढचा प्रत्येक आकडा याच यादीवर उभा राहणार आहे, म्हणून इथे घाई करू नका.

यादी झाली की जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यातून गाववार आकडे घ्या. एकूण लोकसंख्या, शून्य ते सहा वयाची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, आणि कामगारांचे प्रकार एवढे गावपातळीवर मिळते. इथे तीन ठिकाणी हमखास घसरायला होते.

एक, शहरी यादी. जनगणनेत पाच हजारांहून जास्त वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि किमान तीन चतुर्थांश पुरुष कामगार शेतीबाहेर, अशा गावाला ग्रामपंचायत असली तरी ‘जनगणना शहर’ धरतात. निफाड तालुक्यात ओझर आणि पिंपळगाव बसवंत 2011मध्ये याच वर्गात होते. फक्त खेड्यांची यादी उतरवली तर अशी गावे निसटतात. तुमच्या मतदारसंघातले प्रत्येक मोठे गाव, आणि येवला नगरपालिका अर्थातच, दोन्ही याद्यांत शोधा.

दोन, साक्षरता. ती सात वर्षांवरील लोकसंख्येवर काढतात. एकूण लोकसंख्येने भागलेत तर आकडा उगाच दहा-बारा टक्क्यांनी खाली येतो. जिल्ह्याचा 82.31 टक्के हा सात वर्षांवरील लोकसंख्येवरचाच आहे, तुलना त्याच पद्धतीने करा.

तिसरी गोष्ट येवल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात केली, ती जागा मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. साहजिकच इथल्या आढाव्यात बौद्ध समाजाची लोकसंख्या स्वतंत्र दाखवावी असे प्रत्येकाला वाटते, आणि वाटायलाच हवे. पण 1990च्या दुरुस्तीनंतर बौद्ध व्यक्तींची नोंद अनुसूचित जातींतही होते. धर्माच्या तक्त्यातले बौद्ध आणि जातीच्या तक्त्यातले अनुसूचित जातीचे लोक यांची बेरीज केली तर तीच माणसे दोनदा मोजली जातात. शिवाय धर्माचे आकडे तालुका आणि शहर पातळीपर्यंतच प्रसिद्ध होतात, गाववार नाहीत. तेव्हा मतदारसंघासाठी धर्मनिहाय अचूक टक्केवारी काढता येत नाही. तालुक्याचा आकडा द्या आणि तो तालुक्याचा आहे असे स्पष्ट लिहा.

अनुसूचित जाती-जमातींव्यतिरिक्त कुठल्याही जातीचा गाववार सरकारी आकडा आज उपलब्ध नाही. निवडणूक आली की मराठा इतके हजार, माळी इतके, वंजारी इतके, धनगर इतके असे तक्ते फिरू लागतात. त्यातले पुष्कळसे मतदार यादीतल्या आडनावांवरून केलेले असतात. आपल्याकडे पवार, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे किती वेगवेगळ्या जातींत आहेत ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. असा तक्ता प्रकल्पात घालू नका. तो चुकीचा असतो हे एक कारण. दुसरे असे की एकदा विद्यापीठाच्या प्रबंधात छापला गेला की पुढचा माणूस त्याचा आधार देऊन तोच आकडा खरा म्हणून वापरतो, आणि गावात त्यावरून माणसे माणसांना मोजू लागतात. याचे परिणाम मी पाहिले आहेत आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

आता लोकसंख्येतल्या सर्वांत अवघड भागाकडे येते. नाशिक जिल्ह्यात माणसे वर्षभर एका जागी नसतात. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात येतात. छाटणीनंतरची डहाळ्यांची विरळणी, घड औषधात बुडवणे (डिपिंग), मग जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी. मधल्या डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते, तिलाही हेच हात लागतात. आणि 2011ची जनगणना झाली 9 ते 28 फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात. नियम असा होता की त्या पूर्ण मुदतीत जो घरी फिरकलाच नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. त्यामुळे द्राक्ष-कांद्याच्या गावांतल्या अनुसूचित जमातींच्या आकड्यात कायमचे रहिवासी आणि हंगामी मजूर दोघेही असू शकतात, आणि पश्चिमेकडच्या पाड्यांचा आकडा तितकाच उणा पडलेला असू शकतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. तिथून थोडी टक्केवारी जरी सरकली तरी द्राक्ष-कांद्याच्या गावाचे चित्र बदलते.

ही माणसे मतदार मात्र कळवण, दिंडोरी किंवा इगतपुरी मतदारसंघात असतात. लासलगावच्या शिवारात राबणाऱ्या बाईचे श्रम येवला मतदारसंघाच्या अर्थकारणात, तिचे नाव सुरगाण्याच्या मतदार यादीत आणि तिची मुले कधी या शाळेत तर कधी कुठल्याच नाही. 2024ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, दिवाळी त्या वर्षी महिन्याच्या सुरुवातीलाच आटोपली होती. अशा वेळी मतदानाच्या टक्केवारीवरून पाड्यावरच्या लोकांच्या ‘उदासीनते’बद्दल निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. तुमच्या आढाव्यात स्थलांतरावर स्वतंत्र परिच्छेद असू द्या. आकडा नसेल तर नसू द्या. हंगामाचे वेळापत्रक लिहा, कोणत्या महिन्यात कोण कुठून येते ते गावातल्या शिक्षकांना, अंगणवाडी ताईंना, टोळी आणणाऱ्या मुकादमांना विचारून लिहा.

कामाचे वर्गीकरणही नीट वाचायला हवे. जनगणनेत चार कप्पे आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. सहा महिन्यांहून कमी काम मिळालेला माणूस ‘सीमांतिक कामगार’. येवला म्हटले की पैठणी, म्हणून विद्यार्थी ‘घरगुती उद्योग’ या रकान्याला विणकरांची संख्या समजून मोकळे होतात. पण शहरी भागात घराच्या आवारातच चालणाऱ्या, मुख्यतः घरच्याच माणसांनी चालवलेल्या उद्योगालाच तो रकाना लागू होतो. स्वतःच्या घरात मागावर बसणारा विणकर त्यात येतो. शेजारच्या गल्लीत मागमालकाकडे मजुरीवर विणणारा, तेच काम करूनही, ‘इतर’मध्ये जातो. उलट पापड, विड्या किंवा टोपल्या करणारी कुटुंबेही घरगुती उद्योगातच धरली जातात. घरात कांड्या भरून देणाऱ्या, मागाला हात लावणाऱ्या बायकांची नोंद ‘काम करत नाही’ अशी होण्याची शक्यता तर नेहमीच असते. विणकरांसाठी हातमाग गणना पाहा, चौथी गणना 2019-20ची आहे. आणि येवल्यासोबत नागडे, बल्हेगावसारख्या आजूबाजूच्या गावांत स्वतः फिरून या. माग कोणाचा, रेशीम कोण देते, साडीमागे मजुरी कशी ठरते, हे तीन प्रश्न विचारलेत तर कुठल्याही तक्त्याहून जास्त कळेल.

शेतीचे चित्र पाण्याने ठरते. तालुक्याची सरासरी इथे फार फसवते. पालखेड डाव्या कालव्याखालची गावे आवर्तनाच्या (कालव्याला ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याच्या) भरवशावर गहू, कांदा, काही ठिकाणी ऊसही घेतात. उत्तर-पूर्वेचा राजापूर, ममदापूरकडचा माळ पर्जन्यछायेत आहे. तिथे बाजरी, मका, आणि विहिरीला पाणी टिकले तर कांदा, आणि मार्चनंतर टँकर. एकाच मतदारसंघातल्या या दोन भागांत जमिनीचा भाव, मुलीच्या लग्नाचे वय, मुलगा शहरात जाण्याची घाई, सगळे वेगळे असते. पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालवा आणि त्याला पाणी देणारा मांजरपाडा वळण प्रकल्प हे इथल्या राजकारणाचे वर्षानुवर्षांचे विषय का आहेत, ते या फरकावरून समजते. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या गाव-निर्देशिकेत गाववार सिंचित क्षेत्र स्रोतानुसार दिलेले आहे. त्यावरून गावांचे तीन गट करा: कालव्याची, विहिरींची आणि कोरडवाहू. लोकसंख्या, जमाती, साक्षरता, शेतमजुरांचे प्रमाण, सगळे या तीन गटांत मांडा. मतदारसंघाची एकच सरासरी देण्यापेक्षा हे कितीतरी बोलके होते. पिकांसाठी 2021पासूनची ई-पीक पाहणी गाववार पाहता येते. नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची असल्याने काही गावांत ती अपुरी आहे एवढे ध्यानात ठेवा.

मग कांदा. लासलगाव बाजार समितीची आवक आणि सरासरी भाव पाहून त्यांचा गुणाकार करायचा आणि ‘मतदारसंघाचे कांद्याचे उत्पन्न’ म्हणून लिहायचे, हा मोह टाळा. लासलगावला आणि तिच्या विंचूर उपबाजाराला चांदवड, निफाड, येवला आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही माल येतो. येवल्याचा कांदा येवल्यात, अंदरसूलच्या उपबाजारात, मनमाडला, पिंपळगावलाही जातो. बाजार समितीची उलाढाल ही बाजाराची ताकद सांगते. त्यातून आडतदार, हमाल-मापारी, गोणी शिवणाऱ्या बायका, ट्रकवाले, खळ्यांवर निवड करणाऱ्या मजूर बायका यांचा रोजगार कळतो. शेतकऱ्याच्या हातात काय उरले ते त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी भावाची वर्षभराची रेघ बघावी लागते. पोळ (खरिपाचा) कांदा टिकत नाही, आला तसा विकावा लागतो. त्यानंतर येणारा रांगडाही फार ठेवता येत नाही. उन्हाळ कांदा चाळीत साठवता येतो, पण ज्याच्याकडे चाळ आहे आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर नाही त्यालाच थांबणे परवडते. त्यात दिल्लीचे निर्णय. ऑगस्ट 2023मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे 2024मध्ये ती शुल्क आणि किमान निर्यात मूल्यासह सुरू झाली, सप्टेंबर 2024मध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025पासून ते काढले गेले. दीड-पावणेदोन वर्षांत एवढे बदल. एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून या भागाची ‘आर्थिक स्थिती’ ठरवली तर कोणते वर्ष निवडले त्यावरच उत्तर अवलंबून राहील. किमान पाच वर्षांचे महिनावार भाव मांडा आणि या तारखा त्यावर खुणांनी दाखवा.

दरडोई उत्पन्न जिल्ह्यापुरतेच उपलब्ध आहे. त्यात सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडचे नोटा छापणारे मुद्रणालय, सिन्नरच्या वसाहती हे सगळे मिसळलेले आहे. तो आकडा येवल्याला लावू नका. त्याऐवजी तहसील पुरवठा शाखेकडून अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांची (सवलतीच्या धान्याला पात्र असलेल्यांची) गाववार संख्या मिळवा. शिधापत्रिकेच्या रंगावर मात्र फार विसंबू नका. पिवळ्या कार्डाची 15 हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीला लावली तर तिला काही अर्थच उरत नाही. चिचोंडीच्या औद्योगिक क्षेत्राबद्दल भूखंड किती वाटले यापेक्षा किती कारखान्यांत प्रत्यक्ष पाळ्या चालतात, आणि कामगार स्थानिक किती, ते जाऊन पाहा.

2011चे आकडे जुने झाले म्हणून अनेक जण जिल्ह्याचा वाढीचा दर लावून आजची लोकसंख्या काढतात. 2001 ते 2011मध्ये जिल्हा 22.3 टक्क्यांनी वाढला. पण त्याच काळात नाशिक शहर 10,77,236 वरून 14,86,053 वर गेले, म्हणजे जवळपास 38 टक्के. शहर वगळून उरलेल्या जिल्ह्याची वाढ 18 टक्केच भरते, आणि त्यातही मोठी बाजारगावे आणि माळावरची गावे यांत अंतर आहे. लासलगावला आणि राजापूरला एकच दर लावण्यात अर्थ नाही. मला विचाराल तर आढाव्याच्या मुख्य तक्त्यात 2011चेच आकडे ठेवा आणि शेजारी आजच्या मतदार यादीतली गाववार मतदारसंख्या द्या. एखाद्या गावात मतदारांची संख्या 2011च्या एकूण लोकसंख्येच्या फारच जवळ गेली असेल, किंवा स्त्री-मतदारांचे प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा ठळकपणे कमी असेल, तर त्या गावात जा. कधी नवी वसाहत झालेली असते, कधी मयत आणि स्थलांतरितांची नावे तशीच राहिलेली असतात, कधी लग्न होऊन आलेल्या सुनांची नोंदच झालेली नसते.

शेवटी एक कामाची सूचना. गावयादीच्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे 2011च्या जनगणनेचा सहा अंकी कोड टाका. नावावर भिस्त ठेवू नका, एकाच तालुक्यात खुर्द-बुद्रुक आणि सारख्या नावांची गावे सापडतात, आणि देवनागरीतले नाव इंग्रजी यादीत तीन प्रकारे लिहिलेले असते. पुढची जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ तारखेची आहे आणि तिच्यात जातनिहाय नोंदही व्हायची आहे. कोडचा तक्ता तयार असेल तर ते गाववार आकडे प्रसिद्ध झाल्यावर सगळी जोडणी पुन्हा करावी लागणार नाही. फक्त फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी सुरूच असते, तेव्हा स्थलांतराबद्दल वर जे लिहिले ते 2027च्या आकड्यांनाही तसेच लावून पाहा.